रजईतली खाज

जानेवारीत लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत, ऊन आलं की गच्चीवर पोरांना मोहरीचं तेल चोळायचा कार्यक्रम असतो. कोपराच्या खोबणीत, गुडघ्यामागे लाल खरखरीत चट्टे दिसले की आजीचं निदान तयारच: "उष्णता बाहेर पडतेय, पडू दे. मलम लावाल तर रोग आत जाईल अन् दमा होईल."

इसब म्हणजे एक्झिमा असलेल्या काही मुलांना पुढे दमा होतो, हे खरं. पण त्यामागे दोन्हींच्या मुळाशी असलेली ॲलर्जीची प्रवृत्ती असते, मलम नव्हे. आणि मोहरीच्या तेलानं त्वचेचं संरक्षक आवरण आणखी बिघडतं, असं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं आहे.

दिवसा बरं असलेलं मूल रात्रीच का ओरबाडतं? त्वचेच्या वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचं प्रथिन असतं. त्याचं विघटन होऊन जे घटक बनतात, ते पाणी धरून ठेवतात. त्याच्या जनुकात दोष असेल तर इसबाचा धोका बराच वाढतो, हे स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं. असं आवरण मुळातच गळकं, त्यात रात्री त्वचेतून पाणी जास्त उडतं. झोप लागताना कातडीचं तापमान वाढतं, वर रजई. दाह आवरणारं संप्रेरक कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यात कमी. इकडे प्रतिकारपेशी इंटरल्युकिन-४, १३ आणि ३१ ही निरोप्या प्रथिनं सोडत असतात. पहिली दोन फिलॅग्रिन बनणंच कमी करतात आणि खाजेच्या चेतातंतूंना हळवं करतात. ३१ त्या तंतूंना थेट चेतवतं. ओरबाडलेल्या जागी स्टॅफिलोकॉकस जिवाणू फोफावतात. त्यांचं एक विकर (एन्झाइम) चेतातंतूंना स्वतःच खाज सुटायला लावतं, हे २०२३ मध्ये उंदरांत सिद्ध झालं. या साखळीत हिस्टामिन या ॲलर्जीतल्या रसायनाचं काम दुय्यम, म्हणून ते अडवणाऱ्या खाजेच्या गोळीनं पोर गुंगतं, खाज मात्र फारशी हटत नाही.

मग आई अंधारात त्याचे दोन्ही हात धरून बसते, बाबा चादरीवरचे रक्ताचे ठिपके बघतो, आणि सकाळी दोघंही एकमेकांवर खेकसतात. ब्रिटनमध्ये १९९८ साली याच गोष्टी मोजायला दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली: घरकाम, स्वयंपाक, घरच्यांची झोप, खर्च, थकवा, मनस्ताप, नवरा-बायकोतले ताण वगैरे. प्रत्येकाला ० ते ३, म्हणजे जास्तीत जास्त ३० गुण. आपल्याकडच्या ओपीडीत चट्टे पाहिले जातात, "तुम्ही झोपलात का?" हे क्वचितच विचारलं जातं. तेव्हा डॉक्टरांना आपणच सांगावं.

इसबावर देतात त्या स्टेरॉइडच्या मलमाची भीती मात्र अर्धीच खरी आहे. दुकानदारानं दिलेली तीन-चार औषधांची मिसळ असलेली ट्यूब खरोखर घातक. डॉक्टरांनी दिलेलं मलम सांगितलं तेवढे दिवस लावायला हरकत नाही. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून पिळलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि ती मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. बहुतेक घरी भीतीपोटी याहून कितीतरी कमी लावतात आणि मग म्हणतात, औषधाचा गुण येत नाही.