पुंगळ्या धुताना अमोनिया नको
घरगुती ओल्या टम्बलरच्या (पाणी घालून फिरवायच्या पिंपाच्या) पाण्यात थोडा अमोनिया घातला की झाडलेल्या काडतुसांच्या, पुन्हा भरून वापरायच्या पितळी पुंगळ्या उत्तम साफ होतात, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. चकाकी येते, हे खरं. पण पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. घडवताना त्यात ताण उरतो आणि अशा ताणलेल्या पितळाला अमोनिया तडे पाडतो. ब्रिटिशकालीन हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली काडतुसं अशीच तडकायची. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया त्याला कारण, हे १९२१ मध्ये उलगडलं. तडा सुरुवातीला डोळ्यांना दिसतोच असं नाही, म्हणून मला हा सल्ला धोकादायक वाटतो. भांडी घासायचा साबण, चिमूटभर सायट्रिक ॲसिड आणि स्टीलच्या बारीक पिना पुरतात. ॲसिड जास्त झालं तर मात्र जस्त निघून पितळ गुलाबी पडतं.