टेप लायब्ररी आणि आभासी सर्व्हर : जोडणीची पार्श्वभूमी

यवतमाळ किंवा गडचिरोलीकडच्या एखाद्या तालुक्याच्या पतसंस्थेत तीन-चार जुने सर्व्हर काढून सगळा कारभार एकाच यंत्रावरील आभासी सर्व्हरांवर (सॉफ्टवेअरने एका यंत्रात उभे केलेल्या अनेक सर्व्हरांवर) नेला जातो, तेव्हा ठेवी आणि कर्जखात्यांचे सॉफ्टवेअर फारशी कुरकूर न करता स्थलांतरित होते. गाडे अडते ते बॅकअपच्या टेप लायब्ररीपाशी, म्हणजे टेप सांभाळून आपोआप बदलणाऱ्या यंत्रापाशी. केबल लावलेली, दिवा हिरवा, आणि तरीही आभासी सर्व्हरला ना टेप वाचणारा-लिहिणारा ड्राइव्ह दिसतो ना टेपची डबी म्हणजे कार्ट्रिज उचलणारा यांत्रिक हात. यात सहसा कुणाचा हलगर्जीपणा नसतो. ही अडचण टेपच्या स्वभावातूनच आलेली आहे आणि तिचे मूळ उत्तर अर्ध्या शतकापूर्वीचे आहे.

संगणकासाठी चुंबकीय टेप १९५१ मध्ये युनिव्हॅक या संगणकाबरोबर आली. ती धातूची होती. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या ७२६ या यंत्राने प्लास्टिकची टेप रूढ केली. आपल्या विषयाच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे वर्ष मात्र १९७२. त्या वर्षी आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली आणि एक मोठा संगणक अनेक स्वतंत्र संगणकांसारखा वापरता येऊ लागला. त्या प्रणालीत डिस्कचे तुकडे पाडून ते वेगवेगळ्या आभासी यंत्रांना वाटून दिले जात. टेप ड्राइव्ह मात्र ऑपरेटर ‘अटॅच’ ही आज्ञा देऊन एका वेळी एकाच यंत्राच्या ताब्यात देत असे आणि काम झाले की काढून घेत असे. डिस्कवरचा कोणताही भाग केव्हाही वाचता येतो, पण टेप ओळीने पुढे सरकते आणि ती वाचणारे-लिहिणारे हेड सध्या कोठे उभे आहे यावरच पुढचे सगळे अवलंबून असते. मध्येच दुसऱ्या कुणी ती गुंडाळली तर चालू बॅकअपवर पाणी पडते. म्हणून वाटणी नाही, पूर्ण ताबा. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे.

१९८४ मध्ये आयबीएमच्या ३४८० ड्राइव्हने उघड्या रिळाऐवजी चौकोनी कार्ट्रिज आणली आणि १९८७ मध्ये स्टोरेजटेकने सुमारे ६,००० कार्ट्रिज सांभाळणारे यंत्रमानवी कोठार बाजारात आणले. आजची छोटी लायब्ररी त्याच घराण्यातली आहे : हात खणांपुढून सरकतो, बारकोड वाचतो, कार्ट्रिज ओढून ड्राइव्हच्या तोंडाशी नेतो. सर्व्हरच्या नजरेत मात्र ही दोन स्वतंत्र स्कझी (साठवणीची उपकरणे जोडण्याची एक पद्धत) उपकरणे असतात, एक ड्राइव्ह आणि दुसरे चेंजर, म्हणजे कार्ट्रिज बदलणारा तो हात. त्यांतले एकच दिसले तर लायब्ररी निरुपयोगी ठरते. क्षमता दरम्यान प्रचंड वाढली. २००० मधील एलटीओ या टेपप्रकाराच्या पहिल्या कार्ट्रिजमध्ये १०० जीबी मावत, २०२१ च्या नवव्या पिढीत १८ टीबी मावतात.

२००१ मध्ये व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्स या सॉफ्टवेअरने साध्या इंटेल सर्व्हरवर आभासीकरण आणले, पण ते उभे होते डिस्कच्या गृहीतावर. आभासी डिस्क म्हणजे शेवटी एक फाइल. टेपची अशी फाइल करून भागत नाही. टेपच्या आज्ञा आभासीकरणाच्या मधल्या थरातून जाताना त्यांचे मोठे ब्लॉक आणि लांबणाऱ्या प्रतीक्षा आड येत. डेटा सलग पोहोचला नाही की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धावते, आणि त्यात हेड व टेप दोन्ही झिजतात. वाट मोकळी झाली ती यंत्रांमध्ये इंटेलची व्हीटी-डी (उपकरण थेट आभासी सर्व्हरला देण्याची सोय) आणि एएमडीची तशीच सोय आल्यावर. त्यामुळे लायब्ररीची केबल ज्याला लागते ते आख्खे कार्ड एका आभासी सर्व्हरच्या हवाली करता येऊ लागले : व्हीएमवेअरमध्ये २००९ पासून, लिनक्सच्या केव्हीएम या आभासीकरणात २०१२ च्या व्हीएफआयओ या भागाने अधिक सुरक्षितपणे, मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीत २०१६ पासून. १९७२ चा पूर्ण ताबाच नव्या रूपात परतला. त्याची किंमतही आहे. असा सर्व्हर चालू असताना दुसऱ्या यंत्रावर हलवता येत नाही.

इंटरनेटची रेषा वारंवार तुटते तिथे एवढा खटाटोप रास्तच आहे, कारण कपाटात ठेवलेल्या टेपला वीज लागत नाही आणि खंडणीखोर व्हायरसही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मात्र दीर्घकाळ जपायची टेप साधारण १६ ते २५ अंशांत राहावी लागते, आणि मे महिन्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या भागात पत्र्याच्या खोलीतले कपाट त्यासाठी चालणार नाही. जिथे दोन यंत्रे आहेत तिथे तसेच कार्ड दुसऱ्यातही बसवून ठेवावे, म्हणजे पहिले यंत्र बंद पडले तर केबल तिकडे लावून ते कार्ड तिथल्या आभासी सर्व्हरच्या ताब्यात देता येते.