सिक्लिडमध्ये नर कोणता, मादी कोणती? नुसत्या रंगावर जाऊ नका

सिक्लिड म्हणजे टँकमध्ये हौसेने पाळतात त्या माशांचं एक मोठं कुळ. ते पाळणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच पडतो, यातला नर कोणता आणि मादी कोणती, आणि त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं की भडक रंगाचा तो नर, फिकी ती मादी. कधी कधी जमतं हे, पण याच भरवशावर टँक भरला तर पुढे मारामाऱ्या ठरलेल्याच.

कॉन्व्हिक्टच घ्या ना. मध्य अमेरिकेतला, राखाडी अंगावर काळे पट्टे असलेला मासा. यात पोटावर केशरी झाक असते ती मादीच्या. नर बिचारा साधाच, फक्त आकाराने मोठा आणि पाठीवरचा नि पोटाखालचा पर मागे निमुळता होत गेलेला. क्रिबेन्सिसमध्येही चेरीसारखं लालसर पोट मादीचंच जास्त उठून दिसतं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या केनयी माशाची तर गंमतच आहे, लहानपणी सगळेच निळे, मग वयात आला की नर पिवळा होतो आणि मादी निळीच राहते. आणि त्याच सरोवरातला ऑराटस बरोबर उलटा, पिल्लं आणि माद्या पिवळ्या, नर मात्र काळपट. एंजल, डिस्कस, ऑस्कर यांच्यात तर बाहेरून बघून काहीच कळत नाही, कोणी कितीही छातीठोक सांगो.

मलावीच्या माशांत लोक पोटाखालच्या परावरचे पिवळे-केशरी गोल ठिपके बघतात. हे ठिपके आहेत कशाला ते बघण्यासारखं आहे. मादी अंडी घालते आणि लगेच वळून तोंडात भरून घेते, बऱ्याचदा नराला संधी मिळायच्या आधीच. मग नर तिच्यासमोर आडवा होऊन तो पर थरथरवत दाखवतो, ती ठिपक्यांपाशी तोंड नेते, नर तिथेच शुक्राणू सोडतो आणि अंडी तिच्या तोंडातच फळतात. हे ठिपके म्हणजे अंड्यांची नक्कल, असं प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक वोल्फगांग विकलर यांनी १९६२ मध्ये मांडलं होतं. पण बऱ्याच जातींत माद्यांनाही फिकट ठिपके असतात, त्यामुळे नुसते ठिपके मोजून निकाल लावू नका.

खरी गोची वेगळीच आहे. सिक्लिडमध्ये रंग पुष्कळदा नर-मादी सांगत नाही, टँकमध्ये कोणाची चलती आहे ते सांगतो. आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवराच्या बर्टोनी माशावर यावर भरपूर अभ्यास झालाय. दबलेला नर मादीसारखाच मळकट दिसतो, आणि वरचढ नर काढून घेतला की काही मिनिटांत हा रंगायला लागतो, डोळ्यावरून काळी पट्टी उमटते, पुढे मेंदूतल्या प्रजननाशी संबंधित पेशीसुद्धा मोठ्या होतात! म्हणजे तुम्ही ज्यांना तीन माद्या समजून बसलात त्यातला एखादा गप्प बसलेला नर असू शकतो, आणि मोठा नर मेला की तो अचानक रंगात येतो.

खात्री हवी तर व्हेंटिंग करतात. हात ओले करून मासा हलकेच उताणा धरायचा, पोटाखालच्या पराच्या जरा पुढे दोन छिद्रं दिसतात, दोन्ही साधारण सारखी असतील तर नर, मागचं पुढच्यापेक्षा मोठं असेल तर मादी. लहान पिल्लांवर हा प्रयोग नको, काही कळत नाही आणि मासा उगाच घाबरतो. एंजलमध्ये अंडी घालायच्या वेळी बाहेर येणारी नळी बघतात, नराची बारीक टोकदार, मादीची जाड बोथट. आणि दोन माद्यासुद्धा जोडी जमवून अंडी घालतात बरं का, मग सगळी अंडी पांढरी पडतात आणि आपण फिल्टरला दोष देत बसतो.

आता एकत्र ठेवायचं कसं. एंजल किंवा कॉन्व्हिक्टसारखे जोडीने राहणारे असतील तर सहा पिल्लं एकत्र वाढवा, जोडी त्यांची ते जमवतात, मग बाकीचे हलवा. बाहेरून आणलेला नर आणि मादी थेट एकत्र सोडणं मला तरी जुगार वाटतो. एम्बुना म्हणजे मलावीचे खडकात राहणारे मासे, यांचं गणित वेगळं. यांच्यात एक नर आणि निदान तीन-चार माद्या लागतात, म्हणजे नराचा त्रास एकीवरच पडत नाही, शिवाय दगडांच्या भरपूर कपारी हव्यात. पीकॉक हेही मलावीचेच सिक्लिड, त्यांच्या दोन जाती मात्र एकाच टँकमध्ये नको, माद्या इतक्या सारख्या दिसतात की कोणाची पिल्लं कोणाची कळत नाही आणि संकर होतो.

तोंडात अंडी असलेली मादी साधारण तीन आठवडे जवळजवळ काहीच खात नाही, त्यामुळे तिला वेगळं ठेवलेलं बरं. पिल्लं तोंडातून सोडल्यावरही तिला लगेच परत टाकू नका, आधी नीट खाऊ-पिऊ घाला. परत सोडताना दगड इकडचे तिकडे करा आणि लाइट बंद ठेवा, हद्दी मोडल्या की नर आधी आपली जागा शोधण्यात गुंततो आणि तिला लपायला वेळ मिळतो.