फिल्टर मीडिया : कोकणातील गोड्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी निवड

मत्स्यटाकीच्या फिल्टरमध्ये ज्या पदार्थांतून पाणी फिरवले जाते त्यांना फिल्टर मीडिया म्हणतात. स्पंज आणि पांढरी फिल्टर वूल कचरा अडवतात. सिरॅमिक रिंगा, लाव्हा दगड, जाड स्पंज यांवर जिवाणू वस्ती करतात. सक्रिय कोळसा व झिओलाइट (एक सच्छिद्र खनिज) पाण्यात विरघळलेले पदार्थ ओढून घेतात. पाणी आधी स्पंजातून, मग वूलमधून आणि नंतर रिंगांतून जावे, म्हणजे रिंगांची छिद्रे गाळाने बुजत नाहीत.

यांत जिवाणूंचा थर सर्वांत मोलाचा. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया सुटतो. जिवाणू त्याचे नायट्राइट व पुढे बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. नायट्रोस्पिरा गटातील काही जिवाणू हे दोन्ही टप्पे एकट्यानेच पार पाडतात, हे २०१५ मध्ये उघड झाले. नव्या फिल्टरमध्ये हा थर जमायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात.

कोकणात मीडियाची निवड पाण्यापासून सुरू करावी. जांभ्याच्या कातळात खोदलेल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ असते, त्यात चुन्याचा अंश कमी. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल शमवण्याची ताकद (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने), खर्ची पडते. मऊ पाण्यातला क्षारतेचा साठा लवकर संपतो, सामू (पीएच) ६ च्या आसपास उतरतो आणि जिवाणूंचे काम रेंगाळते. अशा वेळी महागड्या रिंगा वाढवून काहीच साधत नाही.

यावरचा उपाय कोकणातल्या स्वयंपाकघरातच मिळतो. तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) रिकाम्या शिंपल्या उकळून, मांसाचा कणही राहू न देता घासून, उन्हात वाळवाव्यात. मग जाडसर फोडून जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवाव्यात. पाणी आम्लधर्मी होईल तशा त्या झिजतात आणि सामू सावरला की झीज मंदावते, त्यामुळे मात्रा हाताबाहेर जाण्याची भीती कमी. शिंपल्या भाजून केलेला चुना मात्र टाकीत कधीही घालू नये. त्याने सामू एकदम उसळून मासे मरतात. ज्या टाकीचा सामू आधीच घसरला आहे तिथे शिंपल्यांचीही घाई नको. तिथे साठलेले अमोनियम (अमोनियाचे आम्लधर्मी पाण्यातले कमी विषारी रूप) सामू चढताच विषारी अमोनियात बदलते, म्हणून आधी थोडे थोडे पाणी बदलून ते कमी करावे. गप्पी, मॉली यांना अशी भर मानवते. निऑन टेट्रासारख्या मऊ पाण्यातल्या माशांना ती मूठभरच पुरते.

जांभा दगड स्वतः सामू वाढवत नाही. त्यावर व्हिनेगर टाकले तर फेस येत नाही, शिंपलीवर लगेच येतो. पण तो सच्छिद्र असतो आणि त्यातील लोह फॉस्फेट धरून ठेवते. सुपारीएवढे तुकडे करून तांबडे पाणी येणे थांबेपर्यंत धुतले, तर जिवाणूंसाठी तो चांगला आधार ठरतो. भुसभुशीत, हाताला रंग लागणारे तुकडे टाकून द्यावेत.

सक्रिय कोळसा औषधाचा अंश किंवा पिवळटपणा काढण्यापुरता वापरावा आणि औषध चालू असताना काढून ठेवावा. तो नारळाच्या करवंटीपासूनही बनतो, पण चुलीतला करवंटीचा कोळसा सक्रिय नसतो. झिओलाइट अमोनियम शोषते, मात्र टाकीत मीठ घातल्यास ते परत सोडते.

पावसाळ्यात दोन गोष्टी जपाव्या लागतात. एक म्हणजे विहिरीत टाकली जाणारी टीसीएल पावडर, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडर. त्या दिवसांत मीडिया थेट विहिरीच्या पाण्यात खळखळून धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात, म्हणून टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलका पिळावा आणि सगळा एका वेळी धुऊ वा बदलू नये. दुसरी गोष्ट म्हणजे वीज. ती काही तास गेली की बंद कॅनिस्टरमधले (टाकीबाहेरच्या डबाबंद फिल्टरमधले) पाणी प्राणवायूअभावी सडू लागते. वीज आल्यावर कॅनिस्टर उघडून ते पाणी ओतून द्यावे आणि मगच मोटर सुरू करावी. वादळवाऱ्यात वीज वारंवार जाणाऱ्या गावांत बॅटरीच्या एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर जास्त भरवशाचा.