सिनियरचा सल्ला: पदव्युत्तर मार्गदर्शन गटांमागची पार्श्वभूमी

बडोद्यात शिकलेल्या मुलाने पुढे काय करायचं, हे एके काळी संस्थानच ठरवायचं. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती करारावर मिळे: शिकून या, मग दरबारची नोकरी करा. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते याच वाटेने. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, बदल्यात दहा वर्षं नोकरी. १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजू झाले. हुद्दा होता, पण अस्पृश्य म्हणून शहरात राहायला जागा कोणी दिली नाही आणि त्यांना परतावं लागलं. पदवी आणि नेमणूक हातात असूनही गावातली दारं ज्याला बंद, त्याचं काय होतं हे इथे दिसतं. ओळखीच्या जोरावर चालणाऱ्या सल्ल्याची मर्यादाही हीच.

ज्यांना दारं उघडी होती त्यांचं बरं चाललं. १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेने शिक्षण थेट धंद्याशी जोडलं. त्यामागचे त्रिभुवनदास गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर व अमीन यांनी १९०७ मध्ये अ‍ॅलेम्बिक ही औषध-रसायनांची कंपनी उभी केली. १९४९ मध्ये विद्यापीठ झालं. पुढे खत कारखाना, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी, मग आयपीसीएल ही पेट्रोरसायनांची सरकारी कंपनी आली. रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला मार्गदर्शन लागतच नसे. दांडिया बाजारातल्या मराठी घरात कुणाचा तरी काका रिफायनरीत असायचाच. काका नसलेल्याने सूचनाफलक वाचावा.

सिनियर विद्यार्थ्यांना मार्गदर्शक म्हणून नियमात स्थान मिळालं ते वेगळ्याच कारणाने, रॅगिंग रोखण्यासाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या विनियमांत विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शन कक्षाची तरतूद आहे: सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक, आणि असे सहा मार्गदर्शक मिळून वरच्या वर्षातला एक. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला ही उतरंड शोभते. एम.ए., एम.एस्सी.ला मात्र दोनच वर्षं. उतरंड एका पायरीत संपते, आणि मार्गदर्शक स्वतःच नोकरी शोधत असतो. शिवाय कक्षाचा भर नवागत रुळण्यावर. चौथ्या सत्रात ‘आता पुढे काय’ हा प्रश्न त्याच्या कक्षेत येतच नाही.

अध्यापकांचं मार्गदर्शन नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) तक्त्यात मोजलं जातं, म्हणून याद्या बनतात. बैठका होतीलच असं नाही. पीएच.डी.चा गाइड (२०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा, सहायककडे चार संशोधक) प्रबंधापुरता बांधील. त्यात तो स्वतः विद्यापीठातच टिकलेला, त्यामुळे उद्योगातल्या मुलाखतीबद्दल त्याला विचारण्यात फारसा अर्थ नसतो. अमेरिकेतही अडचण हीच होती. २०१३ पासून तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने पीएच.डी.नंतरच्या बिगर-अध्यापकी वाटांसाठी १७ संस्थांना अनुदान दिलं. आपल्याकडे ही पोकळी विद्यार्थ्यांनाच भरावी लागते.

असा विद्यार्थ्यांचा मार्गदर्शन गट उभा करताना सहाचं प्रमाण विसरावं. एकामागे तिघं पुरेत, कारण इथे काम सीव्ही ओळीओळीने तपासण्याचं आहे. मार्गदर्शक पीएच.डी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला निवडावा. प्रबंध लिहायला बसलेला संशोधक डिसेंबरनंतर फोन उचलत नाही. जोड्या विभागावरून लावल्या की फसतात. वनस्पतिशास्त्राच्या मुलीला औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात जायचं असेल, तर तिला तिथे गेलेली रसायनशास्त्राची माजी विद्यार्थिनी हवी. म्हणून फॉर्मवर पहिला रकाना ‘कुठे जायचंय’, विषय नंतर. ‘अजून ठरलं नाही’ हा पर्यायही ठेवावाच, नाहीतर सगळे ‘नेट-जेआरएफ’ (अध्यापकी आणि संशोधनवृत्तीची परीक्षा) लिहून मोकळे होतात.

पहिली भेट ऑगस्टमध्ये, सीव्हीचा पहिला खर्डा दिवाळीच्या सुट्टीआधी. सुट्टीनंतर अंतर्गत परीक्षा लागतात आणि निम्मे गट तिथेच विरतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जाहिराती पुढे ढकलण्यापुरता उरतो, कारण प्रश्न विचारायला तिथे लाज वाटते. घरी मराठी, मित्रांत गुजराती, प्रयोगशाळेत इंग्रजी अशी तिहेरी कसरत करणाऱ्या मुलाला ‘पगार किती सांगू?’ हे समोरासमोर, आपल्या भाषेतच विचारता येतं. मुलाखतीचा सराव इंग्रजीत, त्यानंतरची चिकित्सा मराठीत असं ठेवलेलं चांगलं.

खरं दुखणं हस्तांतराचं. मे महिन्यात सगळी तुकडी बाहेर पडते आणि माजी विद्यार्थ्यांचे नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये निघून जातात. मार्चअखेर एक सामायिक तक्ता पुढच्या तुकडीच्या दोघांच्या ताब्यात द्यावा: माजी विद्यार्थ्याचं क्षेत्र, शेवटचं बोलणं कधी झालं, पुन्हा फोन केलेला चालेल का. नंबर मात्र ज्याने त्याने परवानगी दिली असेल तरच.