कॉन्चेर्टो की सिंफनी? टाळी नेमकी कुठे वाजवायची?

रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा तिसरा भाग म्हणजे एक मार्च. झांजा, बास ड्रम, ट्रॉम्बोन सगळे मिळून कडाडतात, धाडकन थांबतात आणि निम्मं सभागृह टाळ्या वाजवायला लागतं. उरलेले निम्मे, कीर्तनात कुणाचा मोबाइल वाजावा तसे त्यांच्याकडे बघतात. मुंबईतल्या अशाच एका मैफलीत माझ्या शेजारचे काका टाळ्या वाजवत उभेच राहिले. ‘चल, गाडी काढायला वेळ लागेल,’ असं काकूंना म्हणाले. काकूंनी कार्यक्रमपत्रिका पुढे धरली. ‘अहो, बसा. अजून एक भाग आहे.’

काकांची तशी चूक नव्हती. त्याच संध्याकाळी मध्यंतराआधी याच संगीतकाराचा पहिला पियानो कॉन्चेर्टो झाला होता. तिथे असाच कडकडाट झाला, सगळे उठले आणि रचना खरोखरच संपली होती. मग इथे का नाही? रशियन संगीताच्या कार्यक्रमात हा घोळ हमखास होतो, कारण कॉन्चेर्टो आणि सिंफनी बाहेरून सारख्याच दिसतात. तोच वाद्यवृंद, तोच कंडक्टर, अर्धा-पाऊण तासाचं काम आणि मध्ये थांबून थांबून वाजणारे भाग. त्यात कॉन्चेर्टो आणि कॉन्सर्ट हे शब्दही भावंडांसारखे. कॉन्सर्ट म्हणजे अख्खा कार्यक्रम, कॉन्चेर्टो म्हणजे त्यातली एक रचना, एक वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली. सिंफनी असते ती अख्ख्या वाद्यवृंदाची.

ओळखायची ढोबळ खूण पियानो कुठे ठेवलाय ही. कॉन्चेर्टोत तो रंगमंचाच्या अगदी पुढे, कंडक्टर आणि श्रोते यांच्या मध्ये असतो आणि त्याचं झाकण श्रोत्यांच्या बाजूला उघडं असतं. वादक कंडक्टरबरोबर टाळ्यांच्या गजरात येतो आणि बहुतेकदा समोर कागद न ठेवता वाजवतो. मध्यंतरात चार माणसं चाकांचे ब्रेक काढून पियानो ढकलत आत नेतात, मोकळ्या जागेत खुर्च्या सरकतात आणि मग सिंफनी सुरू होते.

‘पियानो दिसला म्हणजे कॉन्चेर्टो’ हा नियम मात्र करू नका. शोस्ताकोविचच्या पहिल्या सिंफनीत (१९२६) पियानो आहे, दुसऱ्या भागात त्याचे तीन ठोके अंगावर येतात. पण तो मागे, इतर वादकांच्या रांगेत बसतो. तिथे पियानो नोकरीला आहे, कॉन्चेर्टोत तो नवरदेव असतो. स्क्रियाबिनच्या ‘प्रॉमिथिअस’सारखी मधलीच कामंही आहेत. त्यात पियानो आहे, वाद्यवृंद आहे आणि रंगीत प्रकाशासाठी स्वरलिपीत वेगळी ओळसुद्धा आहे. त्याला काय म्हणायचं ते म्हणा.

खरा फरक ऐकताना कळतो. कॉन्चेर्टोत एक विरुद्ध अनेक असा सामना असतो. एक माणूस, दहा बोटं आणि समोर सत्तर-ऐंशी वादक. तो कधी त्यांच्यावर चढतो, कधी त्यांच्या मागे लपतो, कधी सगळे गप्प बसतात आणि तो एकटाच बोलतो. या एकट्याच्या बोलण्याला कादेन्झा म्हणतात. म्हणून आपला जीव त्या एका माणसात अडकतो. बोटं चुकतील का, दम पुरेल का, ही धाकधूक कॉन्चेर्टो ऐकण्यातच मिसळलेली असते. सिंफनीत नायक असा कुणी नसतो. सुरावट व्हायोलिनकडून क्लॅरिनेटकडे, तिथून बासूनकडे जाते, आणि नजर कुठे ठेवायची हे कळेनासं होतं. नवख्या श्रोत्याला सिंफनी लांबलचक वाटते ती बरीचशी यामुळेच.

चायकोव्हस्कीनं तर या दोन्हीत गंमत करून ठेवली आहे. पहिल्या कॉन्चेर्टोची ती जगप्रसिद्ध सुरुवात आठवा. फ्रेंच हॉर्न उतरत्या चार सुरांची हाक देतात आणि पियानो खालपासून वरपर्यंत भरघोस स्वरमेळ आपटत येतो. सगळ्यांची नजर पियानोवर. पण जरा कान देऊन ऐका, गाणं व्हायोलिन आणि चेलो गातायत. नवरदेव वाजतगाजत आला आणि आल्या आल्या साथीला बसला! थोड्या वेळानं ती सुरावट त्याच्याही हाती येते, पण तीन-चार मिनिटांत संपते ती कायमची. पुढचा अर्धा तास लोक तिची वाट बघतात, ती परत येत नाही. या सुरुवातीनंतर पहिल्या भागाची मुख्य चाल सुरू होते. ती चायकोव्हस्कीनं युक्रेनमधल्या कामेन्का इथे आंधळ्या भिक्षेकरी गायकांकडून ऐकली होती. शेवटच्या भागातही युक्रेनचं लोकगीत आहे. ‘रशियन संगीत’ म्हणून आपण ज्यावर टाळ्या वाजवतो, त्यातला एवढा भाग युक्रेनच्या जत्रांतून आलाय.

या कॉन्चेर्टोला मिळालेली पहिली प्रतिक्रिया मात्र शांततेची होती. १८७४ च्या रशियन ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी चायकोव्हस्कीनं मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयात, त्याचा प्रमुख आणि पियानोवादक निकोलाय रुबिनस्टाइनला तो वाजवून दाखवला. पहिला भाग संपला आणि रुबिनस्टाइन एक शब्द बोलला नाही. सगळं वाजवून झाल्यावर तो असा काही बरसला की हे वाजवण्यालायकच नाही, दोन-तीन पानं ठेवून बाकी फेकून द्यावं. चायकोव्हस्कीनं एकही सूर बदलणार नाही असं ठणकावलं आणि रचना जर्मन पियानोवादक हान्स फॉन ब्यूलोला अर्पण केली. ब्यूलोनं ती २५ ऑक्टोबर १८७५ ला अमेरिकेत, बॉस्टनमध्ये वाजवली. लोकांनी शेवटचा भाग अख्खा पुन्हा वाजवायला लावला. आपल्या संगीत नाटकाच्या भाषेत सांगायचं तर ‘वन्स मोअर’! त्याच वर्षी मॉस्कोत चायकोव्हस्कीचा शिष्य तानेयेवनं हा कॉन्चेर्टो वाजवला तेव्हा वाद्यवृंद कोण चालवत होतं? रुबिनस्टाइनच. आणि न बदलण्याची शपथ घेणाऱ्या चायकोव्हस्कीनं पुढे बरंच काही बदललं.

शीतयुद्ध ऐन भरात असताना, १९५८ साली मॉस्कोतल्या पहिल्या चायकोव्हस्की स्पर्धेत टेक्सासचा तेवीस वर्षांचा पियानोवादक व्हॅन क्लायबर्न हाच कॉन्चेर्टो वाजवून गेला. सोबत राखमानिनॉव्ह या दुसऱ्या रशियन संगीतकाराचा तिसरा कॉन्चेर्टोही होता. सभागृह उठून मिनिटामागून मिनिटं टाळ्या वाजवत राहिलं. अमेरिकनाला पहिलं बक्षीस द्यावं की नाही हे विचारायला परीक्षक थेट सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्यापर्यंत गेले. असं वेड कॉन्चेर्टोच लावू शकतो, कारण खांद्यावर उचलून घ्यायला तिथे एक माणूस असतो. सिंफनीनंतर उचलणार कुणाला? कंडक्टरनं तर एकही सूर वाजवलेला नसतो.

आता सहावी सिंफनी. २८ ऑक्टोबर १८९३ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये चायकोव्हस्कीनं स्वतः ती सादर केली. लोक बुचकळ्यात पडले. सिंफनीचा शेवट दणक्यात व्हायचा हा शिरस्ता, आणि इथे दणका तिसऱ्या भागात उरकून चौथा भाग विलापाचा. नऊ दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, चायकोव्हस्की गेला. १८ नोव्हेंबरला कंडक्टर नाप्राव्हनिकनं तीच सिंफनी पुन्हा वाजवली तेव्हा तेच सूर ऐकून लोक हेलावले. बारा दिवसांपूर्वी एक माणूस मेला, एवढाच काय तो फरक पडला होता. प्रतिक्रिया रचनेला असते की बातमीला, हे मला या उदाहरणानंतर कधीच नीट सांगता आलेलं नाही.

चौथ्या भागाच्या सुरुवातीला एक कारागिरी आहे. ऐकू येणारी उतरती सुरावट कुणीच पूर्ण वाजवत नाही. एक सूर पहिल्या व्हायोलिनच्या गटाचा, पुढचा दुसऱ्या गटाचा, मग परत पहिल्याचा. दोन्ही गटांच्या कागदावर वेड्यावाकड्या उड्या आहेत आणि रडणं तयार होतं ते आपल्या कानात. कॉन्चेर्टोत गाणं कुणाचं हे बोट दाखवून सांगता येतं. इथे ते कुणाचंच नाही. सिंफनी म्हणजे काय हे विचारणाऱ्याला मी हे अर्धं मिनिट ऐकवतो.

राखमानिनॉव्हनं दोन्ही प्रकारांची फळं एकट्यानं भोगली. मार्च १८९७ मध्ये त्याची पहिली सिंफनी सेंट पीटर्सबर्गमध्ये ग्लाझुनॉव्ह कंडक्टर असताना सपशेल पडली. समीक्षक सेझार कुईनं तर नरकातल्या कॉन्झर्व्हेटरीत शोभेल अशी तिची संभावना केली. राखमानिनॉव्हचं लिहिणं जवळजवळ थांबलं. मग डॉ. निकोलाय डाल यांचे संमोहनाचे उपचार झाले आणि १९०१ मध्ये मॉस्कोत दुसरा पियानो कॉन्चेर्टो पूर्ण वाजला. पियानोवर तो स्वतः होता, रचना डॉक्टरांना अर्पण केलेली. यशाबद्दल वेगळं लिहायला नको, आजही कार्यक्रमात हा असला की तिकिटं खपतात. गंमत म्हणजे इथेही घंटेसारखे आठ स्वरमेळ वाजवून पियानो साथीला लागतो आणि गाणं वाद्यवृंद गातो. ती पडलेली सिंफनी पुन्हा वाजली १९४५ मध्ये, वादकांच्या सुट्या प्रती लेनिनग्राडला सापडल्यावर. राखमानिनॉव्ह तोवर जाऊन दोन वर्षं झाली होती.

राहिला टाळ्यांचा प्रश्न. भागांच्या मध्ये गप्प बसायची शिस्त पक्की झाली ती विसाव्या शतकात. चायकोव्हस्कीच्या काळात भाग आवडला की लोक वाजवायचे. त्यामुळे त्याच्या पहिल्या कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागानंतर कुणी टाळी दिली तर ‘शूऽऽ’ करणाऱ्यांचाच मला राग येतो. हा भाग वीसेक मिनिटांचा, उरलेल्या दोघांच्या बेरजेहून मोठा, आणि संपतो असा की हात आपोआप वर यावेत. सहाव्या सिंफनीतल्या मार्चनंतरची टाळीही माफ. ती सापळ्यात पडलेल्या माणसाची टाळी आहे आणि सापळा लावणारा संगीतकारच आहे. काही कंडक्टर तिथे क्षणभरही न थांबता चौथा भाग सुरू करतात. मला ते आवडत नाही. टाळ्यांच्या आवाजातूनच तो विलाप वर यावा.

माफी नाही ती अगदी शेवटच्या टाळीला. गाँगचा एक हलका ठोका पडतो, ट्रॉम्बोन दबल्या आवाजात बोलून गप्प होतात आणि चेलो-बास इतके हळू होतात की संपले कधी ते कळत नाही. कंडक्टरचे हात अजून वर असतात. तेवढ्यात कुणीतरी हुशारी दाखवायला ‘ब्राव्हो’ ओरडतो आणि सगळ्याची माती होते.

त्या दिवशी सुदैवानं कुणी ओरडलं नाही. काका गाडीची किल्ली हातात धरून बसले होते. हात खाली आले, टाळ्या सुरू झाल्या, वाढल्या, आणि काकूंनी हळूच विचारलं, ‘निघायचं का?’ काका म्हणाले, ‘थांब जरा.’