रिळातून पट्टा बाहेर येत नाही? ओपन विंटेज गाडीत सीटबेल्ट बसवण्याआधी हे वाचा

"रीळ जाम आहे, पट्टा चार बोटं येतो आणि अडकतो, पीस बदलून द्या." आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. रीळ परत येतं, आम्ही ते जसं बसायला हवं तसं टेबलावर धरतो, पट्टा ओढतो आणि तो सरसर बाहेर येतो. मग परत पॅकिंग, परत पाठवणं, आणि तोवर तुमची गाडी सीट काढून उभी, कार्पेट गुंडाळून कोपऱ्यात, फिरायचे चांगले दिवस वाया. हे टाळता येतं, म्हणून एकदा नीट लिहून काढलंय.

इनर्शिया रिळाच्या (एरवी पट्टा मोकळा सोडणारं आणि झटका बसला की अडवणारं रीळ) एका बाजूला प्लॅस्टिकचं छोटं घर असतं आणि त्यात वाटीसारख्या खाचेत एक स्टीलची गोळी. रीळ कानाजवळ धरून हलवलं तर तिची टकटक ऐकू येते. गाडीला जोरात ब्रेक लागला की गोळी वाटीच्या कडेवर चढते, वरची इवलीशी पट्टी उचलली जाते, पट्टीचं टोक दातेरी चाकात अडकतं आणि रीळ लॉक. आता गाडीला ब्रेक लागलाय की रीळच तिरकं आहे हे त्या गोळीला कळायचं कसं, तिला दोन्ही सारखंच. म्हणून पार्सल फोडून रीळ हातात आडवं धरून पट्टा ओढलात तर तो येणारच नाही, आणि येत नाही म्हणजे रीळ आपलं काम बरोबर करतंय.

सीटबेल्टसाठीच्या युरोपातल्या आर16 नियमाप्रमाणे रीळ ठरलेल्या पोझिशनपासून 12 अंशांपर्यंत कुठल्याही बाजूला कललं तर लॉक होता कामा नये आणि 27 अंशांपुढे कललं तर लॉक व्हायलाच पाहिजे. मधल्या टापूत काहीही होऊ शकतं. म्हणजे तुम्ही रीळ 10 अंश चुकवून बसवलंत तर गॅरेजमध्ये सगळं झकास चालेल, आणि चढावर गाडी उभी करून बेल्ट लावायला गेलात की अडकेल, मग आम्हाला मेसेज येतो की "कधी चालतं कधी चालत नाही". असे मेसेज आले की पहिला प्रश्न आम्ही कोनाचाच विचारतो.

नव्या गाडीत ही भानगड नसते कारण दाराच्या मागच्या खांबात रिळाची जागा कारखान्यातच ठरलेली असते. ओपन टू-सीटरला तो खांबच नाही. रीळ बसतं मागच्या चाकाच्या कमानीवर नाहीतर सीटमागच्या पत्र्यावर, आणि कमानीचा पत्रा पुढेमागे पण उतरता असतो आणि आत-बाहेर पण. बहुतेक जण एकाच दिशेचा कोन मोजतात. दोन्ही मोजा, आणि डाव्या-उजव्या कमानीचे वेगवेगळे मोजा, कारण साठ-सत्तर वर्षांच्या गाडीत दोन बाजू सारख्या असतीलच असं नाही, एका बाजूचा पत्रा कधीतरी ठोकून सरळ केलेला असतो.

आणि मोजताना गाडी चारही चाकांवर, सपाट जमिनीवर, हवा नेहमीइतकी. हे सगळ्यात महत्त्वाचं. एका ग्राहकाने कोन अगदी काळजीपूर्वक मोजून पाठवले, आम्ही त्याप्रमाणे रीळ सेट करून दिलं, तरी अडकायला लागलं. चार दिवस डोकं खाजवल्यावर त्यांनी पाठवलेला फोटो मोठा करून बघितला तर कोपऱ्यात अ‍ॅक्सल स्टँडचा पाय दिसला. गाडीची मागची बाजू वर उचललेली होती, आणि मोजमाप तसंच घेतलेलं. तेव्हापासून आम्ही टायर जमिनीला टेकलेला दिसेल असा फोटो मागतो. काही जणांना हा छळ वाटतो, पण त्या एका फोटोमुळे दोन्हीकडचा एक आठवडा वाचतो.

मोजायला मोबाईलचं लेव्हलचं अ‍ॅप चालेल, पण मागचं कव्हर काढा, कॅमेऱ्याचा उंचवटा पत्र्याला टेकू देऊ नका आणि आधी सपाट फरशीवर शून्य बघून घ्या. त्यापेक्षा दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा आणि शाळेतला कोनमापक, यांनी आमचं काम कधी चुकलेलं नाही.

आमच्या रिळात सेन्सरचं घर फिरवून वेगवेगळ्या कोनांवर लावता येतं. तुमच्या मोजमापाप्रमाणे आम्ही ते लावून सील करून पाठवतो. सील तोडून स्वतः फिरवू नका, आणि दुसरं झाकण तर उघडूच नका, आत घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते, ती सुटली की परत बसत नाही. तेल, स्प्रे वगैरे आत मारायचं नाही, त्याला धूळ चिकटते आणि मग रीळ खरंच जाम होतं.

आता बाकीच्या गोष्टी, ज्या लोक कमी विचारतात पण विचारायला हव्यात.

बेल्ट गाडीच्या कोणत्या भागाला बांधलाय? ताशी 50 किमी वेगातला माणूस गाडीबरोबर अर्ध्या मीटरात थांबला तर 75 किलोच्या माणसाला धरायला सरासरी दीड टनाच्या आसपास जोर लागतो. जुन्या गाड्यांचं नाक नव्या गाड्यांसारखं दबत जाईल असं बनवलेलं नसतं, त्यामुळे अंतर अजून कमी आणि जोर अजून जास्त. हा जोर पातळ पत्र्यातल्या नुसत्या भोकाने झेलायचा नसतो. पत्र्याच्या मागून निदान 3 मिमी जाड आणि 40 चौरस सेंटिमीटरची प्लेट हवी, एफआयए या मोटार रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या नियमांत हेच किमान माप आहे, आणि आमच्या किटमधल्या प्लेटा याहून मोठ्या असतात, कडा गोल केलेल्या, नाहीतर कडच पत्रा कापते.

एमजीए सारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत तर पायाखाली प्लायवुडच्या फळ्या आहेत. अशाच एका गाडीचं कार्पेट उचललं तेव्हा आधीच्या कुणीतरी बेल्टचा बोल्ट सरळ फळीतून घेऊन खाली मोठा वॉशर लावलेला दिसला. गाडीला कधी धक्का लागलेला नव्हता, नुसत्या पाना फिरवण्याने वॉशर लाकडात अर्धा रुतला होता. असे पॉइंट चासीपर्यंत न्यावे लागतात, त्याचे ब्रॅकेट आम्ही बनवतो. गंजलेल्या जागी आधी पत्रा बदला, मग बेल्टचं बघू. भोक पाडण्याआधी पलीकडे हात घालून बघा, ब्रेकची नळी आहे का, पेट्रोलची लाईन आहे का. जुन्या एमजीबीत सीटमागच्या फळीखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, ड्रिलच्या नादात लोक ते विसरतात.

बोल्ट 7/16 इंच, बारीक आट्यांचे, 20 आटे प्रति इंच. एम12 (12 मिमीचा मेट्रिक बोल्ट) "जवळजवळ बसतो" म्हणून पान्याने रेटू नका, आटे गेले की वेल्डिंग करून नवा नट बसवावा लागतो. बोल्ट पूर्ण कसल्यावरही बेल्टचा कान (बोल्ट जातो ती टोकाची धातूची पट्टी) हाताने फिरला पाहिजे. फिरत नसेल तर वॉशर चुकीच्या बाजूला गेलाय.

खांद्याच्या पट्ट्याबद्दल. कमानीवरचा पॉइंट खांद्यापेक्षा बराच खाली असेल आणि पट्टा सीटच्या पाठीवरून तीव्र उतारात मागे जात असेल तर अपघातात तो खांदा खाली दाबतो, म्हणजे पाठीचा कणा चेपतो. रोलबार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान) असेल तर खांद्याच्या उंचीला त्यावर गाइड लावून रीळ खाली ठेवणं हा सगळ्यात चांगला उपाय, आणि नसेल तर आधी तो बसवायचा विचार करा असं आम्ही स्पष्ट सांगतो. कमरेचा पट्टा हाडावर हवा, पोटावर नको. बकल कुल्ल्याच्या बाजूला, पोटासमोर नको.

फोर-पॉइंट हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून पट्टे येणारा, चार जागी बांधलेला बेल्ट) दिसायला रेसिंगचा वाटतो म्हणून बरेच जण मागतात. रोलबार नसलेल्या ओपन गाडीसाठी आम्ही तो विकत नाही. गाडी उलटली तर तो माणसाला ताठ बसवून ठेवतो आणि वर झेलायला काहीच नसतं. यात आमची बरीच गिऱ्हाइकं जातात, तरी नाही.

रिळाला जागाच नसेल तर रीळ नसलेला साधा थ्री-पॉइंट बेल्ट घ्या, कोनाचा प्रश्नच मिटतो. 1959 साली व्होल्व्होच्या निल्स बोहलिन यांनी केलेला बेल्ट असाच होता. अडचण एवढीच की तो घट्ट केला की हात चोक, हँडब्रेकपर्यंत पोचत नाही, मग लोक ढिला घालून चालवतात. छाती आणि पट्ट्यात तळहात सपाट जाईल एवढीच जागा ठेवा, आणि ऑर्डरच्या आधी सीटवर बसून बघा कुठलं बटण हाताबाहेर जातंय.

उघड्या गाडीत ऊन-पाऊस थेट पट्ट्यावर येतं. पट्टा कडक झाला, कडेचे धागे सुटले, रंग उडून खडबडीत लागायला लागला तर बदला. धुवायचा तर साध्या साबणाच्या पाण्याने, ब्लीच किंवा रंग लावू नका, सावलीत सुकवा आणि पूर्ण सुकेपर्यंत रिळात सोडू नका. अपघातात ताणला गेलेला बेल्ट वरून चांगला दिसला तरी परत वापरायचा नाही. असे बेल्ट आम्ही दुरुस्त करून देत नाही, कितीही विनंती केलीत तरी.

ऑर्डर करताना एवढं पाठवा: गाडीचं मॉडेल आणि साल, दोन्ही बाजूंचे दोन्ही दिशांचे कोन, टायर दिसेल असा बाजूचा फोटो, हूड (कापडी छत) दुमडलेलं असतानाचा सीटमागचा फोटो (हुडाच्या काड्या पट्ट्यात अडकतात का ते आम्ही त्यावरून बघतो) आणि तुम्ही नेहमीसारखे बसलेले असताना खांद्यापासून जमिनीपर्यंतची उंची. फोटो घाईत काढलेले, वाकडे असले तरी चालतील, आम्ही परत विचारू. रीळ मिळाल्यावर ते गाडीत बोल्टने पक्कं बसेपर्यंत पट्टा ओढून बघू नका.